अक्कांचा बरा झालेला पाय

“आधी पाणी पी, मग रड.”

अक्कांच्या दारात कोणी डोळे पुसत आलं की त्यांचं पहिलं वाक्य हे. शिवणयंत्रावरचा हात न थांबवता त्या हनुवटीनेच माठ दाखवायच्या. आलेली बाई मुकाट पेला भरून घ्यायची, प्यायची. तोवर तिच्या रडण्याचा निम्मा जोर उतरलेला असायचा. मग अक्का दाताने दोरा तोडायच्या आणि म्हणायच्या, “हां, आता सांग. काय म्हणाली सासू?”

पिंप्राळ्यात माझं लाउडस्पीकरचं दुकान होतं आणि त्याला लागूनच अक्कांची एक खोली. मधली भिंत एका विटेची. लग्नांचे, सभांचे कर्णे दुरुस्त करताना मला पलीकडचं यंत्र ऐकू यायचं आणि अक्कांचं हसणंही. हसणं मोठं होतं, बायकांना न शोभणारं असं आमच्या गल्लीचं मत. त्या ख्रिस्ती होत्या. नवरा रेल्वेत होता, तो लवकर गेला. मूलबाळ नव्हतं. भुसावळला एक भाची होती, ती सणावाराला यायची. सगळ्या गल्लीच्या त्या अक्का, अगदी त्यांच्याहून मोठ्या माणसांच्याही.

उजवा गुडघा वाताने धरलेला. काठीशिवाय चालणं नाही. यंत्राची पायपट्टी त्या डाव्या पायानेच चालवायच्या आणि उजवा पाय समोर पाटावर लांब ठेवलेला असायचा, घरातल्या आजारी माणसासारखा. जमिनीवर बसणं तर कित्येक वर्षांत जमलं नव्हतं. त्यांच्या चर्चमध्ये नाताळाचं जेवण असायचं. सगळ्या बायका पंगतीत, आणि अक्का एकट्या कोपऱ्यात खुर्चीवर, ताट मांडीवर घेऊन. कोणी हळहळलं की म्हणायच्या, “अगं, मी पाहुणी आहे. पाहुण्याला खुर्ची.”

आमच्या घरी सकाळी बुद्धवंदना व्हायची. माझे वडील देव मानत नसत आणि ते अक्कांना स्पष्ट सांगतही असत. दोघांचा वाद दुकानाच्या पायरीवर रंगायचा. एकदा वडील फारच तापले, तेव्हा अक्का म्हणाल्या, “आबा, तुमचा बुद्ध आणि माझा प्रभू एका झाडाखाली भेटले असते ना, तर दोघं गप्प बसले असते. भांडतोय कोण, तर तुम्ही आणि मी.” वडील हसले, आणि माझे वडील सहसा हसत नसत.

अशा माणसाच्या वाट्याला चमत्कार यावा, यात तुम्हाला काही वावगं वाटणार नाही. मलाही वाटलं नव्हतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. उन्हाळ्यात जळगावच्या एका मैदानावर चंगाई सभा भरली. प्रार्थनेने आजार बरे होतात, असं सांगणाऱ्या या सभा. उपदेशक परप्रांतातले होते. ते बोलत आणि शेजारचा माणूस प्रत्येक वाक्य मराठीत ओरडून सांगे. लाउडस्पीकरचं काम माझ्याकडे होतं. मी स्टेजच्या कडेला मशीन घेऊन बसलो होतो. अक्का पुढच्या रांगेत, त्यांची ती खुर्ची घेऊनच आलेल्या. “पाय बरा करून घ्यायला आलात?” मी विचारलं. “छे रे भाऊ. गाणी चांगली असतात यांची.”

प्रार्थना चढत गेली. माणसं हात वर करून रडत होती. आणि मी पाहिलं, अक्का उभ्या होत्या, काठी खाली पडली होती. त्यांनी एक पाऊल टाकलं, मग दुसरं. मग त्या चक्क धावायला लागल्या. धावता धावता स्टेजपुढे माझ्याच वायरीत पाय अडकला आणि धपकन खाली बसल्या. मी घाबरून उठलो. लोकही थबकले. अक्का मातीत मांडी घालून बसल्या होत्या आणि स्वतःच्या मांडीकडे बघत होत्या.

“अगं बाई! मी बसले!”

आणि मग ते हसणं. माइक लांब होता, तरी कर्ण्यातून मैदानभर गेलं.

मी काय पाहिलं ते सांगितलं. काय झालं ते मला तेव्हाही सांगता आलं नाही आणि आजही येत नाही. आमचे डॉक्टर म्हणाले, वात असाच असतो, येतो, जातो. असेल. पण इतकी वर्षं तो आलेलाच होता, गेला तो त्या संध्याकाळी.

पुढचे काही महिने अक्कांना कोणी घरात पाहिलं नाही. काम नसताना बाजारात जायच्या. मेहरूणच्या तलावाला फेरी मारून यायच्या आणि तिथे काय पाहिलं विचारलं तर म्हणायच्या, “पाहायचं काय? चालले!” भाचीच्या लग्नात नाचल्या. खोलीत पाट, खुर्ची सगळं कोपऱ्यात लोटून त्या जमिनीवर जेवायला बसायच्या आणि माझ्या बायकोला हाक मारायच्या, “सूनबाई, ये गं, माझ्यासोबत दोन घास खा.” जमिनीवर ताट ठेवून भाकरी मोडणारी बाई इतकी सुखी दिसू शकते, हे मी तेव्हाच पाहिलं. वडील म्हणाले, “मी मानत नाही. पण तिचं हसू खोटं नाही.”

सभेच्या संयोजकाला मात्र अक्कांचं हसू नको होतं. त्याला पाय हवा होता.

हा संयोजक सफारी घालणारा, मऊ बोलणारा, कायम घाईत असलेला गृहस्थ. तो पिंप्राळ्याला आला आणि म्हणाला, “अक्का, तुम्ही साक्ष द्यायला पाहिजे. गावोगावी.” अक्कांना ते पटलं. “मिळालेलं लपवलं तर ती चोरीच,” असं त्या मला म्हणाल्या. लाउडस्पीकर माझाच जायचा, त्यामुळे मी त्यांची साक्ष इतक्यांदा ऐकली की मला ती पाठ झाली. म्हणूनच ती कशी वाढत गेली तेही माझ्या ध्यानात आलं.

पहिल्यांदा त्या साधं बोलल्या. गुडघा दुखायचा, काठी लागायची, आता लागत नाही, देवाची कृपा. नरडाण्याच्या सभेच्या वेळी मात्र संयोजकाने आधीच जाहीर केलं, की ही बहीण वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळून होती. अक्का स्टेजमागे त्याच्यावर तडकल्या.

“मी खिळले होते तर लोकांची पोलकी काय भुतं शिवत होती?”

“अक्का, लोकांचा विश्वास वाढतो.”

“खोट्यानं?”

“थोडं वाढवून सांगितलं म्हणजे खोटं होत नाही. प्रभूचंच काम आहे.”

स्टेजवर एक काठी हार घालून टांगलेली असे. उपदेशक तिच्याकडे बोट दाखवत. ती अक्कांची काठी नव्हतीच. अक्कांची काठी त्या पहिल्या गर्दीत कोणीतरी नेली होती, ही बाजारातून आणलेली नवी. अक्का मला हळूच म्हणाल्या, “भाऊ, निदान माझ्या उंचीची तरी आणायची.” आम्ही दोघं हसलो. तेव्हा हसण्यासारखंच वाटलं.

थंडीत दोंडाईच्याला सभा होती. आम्ही माझ्या टेंपोतून गेलो. उतरताना अक्कांनी माझा खांदा धरला आणि सोडलाच नाही. मी पाहिलं, गुडघा पुन्हा भाकरीसारखा फुगलेला. त्यांनी संयोजकाला सांगितलं, आज मी स्टेजवर येत नाही. त्याने ऐकून घेतलं, आणि थोड्या वेळाने ओळखीच्या एका डॉक्टरला मंडपामागे घेऊन आला. अक्कांना इंजेक्शन दिलं. पाय बधिर झाला. “सैतान परीक्षा बघतोय,” संयोजक म्हणाला, “तुम्ही फक्त चालून दाखवा. एवढी माणसं आशेने आलीत.” अक्का चालल्या. लोकांनी हालेलुयाचा गजर केला. माझ्या मशीनपाशी त्या परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

“भाऊ, हे मी काय केलं रे?”

मी उत्तर देण्याआधीच एक बाई गर्दीतून पुढे आली. दोंडाईच्याचीच, मजुरी करणारी, कडेवर मुलगी. मुलगी कडेवर घेण्याच्या वयाची नव्हती, पण वजनच राहिलं नव्हतं तिच्यात. छातीचा आजार. सरकारी दवाखान्याची औषधं आधी चालू होती.

“अक्का, नरडाणाले तुमनी साक्ष आयकी,” ती बाई म्हणाली, “आन मी हिनं औषध बंद करी टाकं. सभाना साहेबनी सांगं, औषध म्हंजे अविश्वास. आते तुम्हीच सांगा, कधी बरी व्हई?”

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. ती फक्त विचारत होती, एसटी कधी येईल असं विचारावं तसं. अक्कांनी मुलीच्या कपाळाला हात लावला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, “टेंपो काढ.”

संयोजक आडवा आला. उद्याची सभा, ठरलेली साक्ष, असं काहीतरी म्हणाला. अक्कांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मागे कर्णे आदळत होते आणि पुढे माझ्या शेजारी त्या तिघी, असे आम्ही धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात गेलो. वाटेत मुलगी खोकली की अक्का तिची पाठ चोळायच्या. प्रार्थना करताना मला दिसल्या नाहीत. डॉक्टरांनी तपासलं आणि एवढंच विचारलं, “औषध मध्ये सोडलं होतं का?” आईने मान हलवली. त्यांनी लगेच दाखल करून घेतलं आणि जमेल ते सगळं केलं.

अक्का धुळ्यालाच राहिल्या. चर्चच्या ओळखीत कुणाकडे तरी झोपायच्या आणि दिवसभर मुलीच्या खाटेशी. बारक्या चिंध्यांची बाहुली त्यांनी तिला शिवून दिली. मुलगी त्या बाहुलीला पाणी पाजायची. उशीर झालेला होता. काही आठवड्यांत ती गेली.

मातीला अक्का दोंडाईच्याला गेल्या, मी बरोबर होतो. सगळं उरकल्यावर त्या आईच्या झोपडीपाशी थांबल्या. हात जोडले. ती बाई उंबऱ्यावर बसलेली होती. तिने मान वर केली.

“तुमना पाय बरा व्हई गया, आन मनी पोर गयी,” ती म्हणाली. “जा आते.”

आवाज चढवला नव्हता. अक्का गेल्या. स्टेशनच्या रस्त्याला लागेपर्यंत त्यांनी धुळ्याला घेतलेली काठीही टेकवली नाही, दुखऱ्या पायावर मुद्दाम जोर देऊन चालत राहिल्या. मी म्हटलं, अक्का, हळू. त्यांनी ऐकलं नाही.

त्यानंतर धुळ्याची मोठी सभा आली. मला वाटलं होतं अक्का येणार नाहीत. त्या आल्या, आणि संयोजकाला आनंद झाला. त्यांचं नाव पुकारलं. अक्का काठी टेकत स्टेजवर चढल्या. आपली नवी, साधी काठी. मैदान एकदम चूप झालं, कारण हाराची काठी वर टांगलेली आणि खाली हातात दुसरी. त्यांनी माइक धरला.

“माझा पाय देवानं बरा केला होता,” त्या म्हणाल्या. “ते खरं आहे. तो आता परत दुखतोय, हेही खरं आहे. मी अंथरुणाला खिळलेली कधीच नव्हते. दोंडाईच्याला मी इंजेक्शन घेऊन चालले. माझं ऐकून एका आईनं पोरीचं औषध बंद केलं, ती पोर मेली. प्रार्थना करा, पण औषध सोडू नका. देव...”

देवाविषयी त्या काय सांगणार होत्या ते कोणाला ऐकू गेलं नाही. संयोजकाने स्टेजमागून माइकची वायर ओढून काढली. मी ती परत जोडायला धावलो, तर त्याच्या दोन माणसांनी मला धरलं. अक्का बोलतच होत्या. माइकविना. पहिल्या दोन-तीन रांगांनी ऐकलं असेल. मागे हजारो माणसांना फक्त एक म्हातारी दिसली, काठी टेकून ओठ हलवणारी. मग गाणं सुरू झालं, टाळ्यांचं, आनंदाचं. वायर तोवर जोडली गेली होती.

पुढचं मी कडवटपणाशिवाय सांगू शकत नाही, तेव्हा तसंच ऐका.

अक्कांच्या स्वतःच्या चर्चच्या मंडळीत ठरलं, की त्यांचा विश्वास कमी पडला म्हणून दुखणं परत आलं. कोणी म्हणालं, साक्षीनंतर गर्व झाला. कोणी म्हणालं, सैतानाने जीभ धरली. मुलगी मेली त्याबद्दल बोलणारा एकही नव्हता. ज्या बायका त्यांच्या माठातलं पाणी पिऊन रडून गेल्या होत्या, त्या रस्ता ओलांडून पलीकडून जायच्या. नाताळाच्या नाटकातल्या देवदूतांचे पांढरे झगे वर्षानुवर्षं अक्का शिवायच्या. त्या वर्षी ते दुसरीकडे दिले. अक्कांनी पांढरं कापड आधीच धुऊन ठेवलं होतं. चर्चचे पाळक भले होते, पण भित्रे. ते स्वतः येऊन म्हणाले, “अक्का, थोडे दिवस मागच्या बाकावर बसा. लोक शांत होतील.”

“पाळकसाहेब, पुढं काय आणि मागं काय, ऐकू येतंच,” अक्का म्हणाल्या. आणि खरंच दर रविवारी मागच्या बाकावर जाऊन बसत राहिल्या. लोक शांत झाले, पण पुढे बोलावलं नाही.

मला राग यायचा. एकदा मी दुकान बंद करून त्यांच्याकडे गेलो आणि सरळ विचारलं, “अक्का, मग तो चमत्कार खरा होता की खोटा? एकदा काय ते सांगून टाका.”

त्या काजं करत होत्या. सुई थांबवली नाही.

“खरा होता.”

“पण टिकला नाही.”

“प्रभूनं लाजरला मेलेला उठवला ना? पुढं म्हातारा होऊन मेलाच असेल. आजवर फिरतोय का कुठं? काना गावच्या लग्नात प्रभूनं पाण्याचा द्राक्षारस केला. तोही लोकांनी पिऊन संपवला. म्हणून काय लग्न खोटं झालं?”

त्यांनी गाठ मारली आणि पुढे म्हणाल्या, “भाऊ, नवरा एखाद्या दिवशी गजरा घेऊन येतो. बाईला आनंद होतो, का? तर आणणाऱ्याच्या मनात आपण आहोत म्हणून. संध्याकाळपर्यंत गजरा सुकतो. बाई काय गजऱ्याशी संसार करते? यांनी गजराच फिरवला रे गावोगाव. सुकला तर खोटी फुलं खोवली त्यात. आणि मीही डोक्यात माळून फिरले.”

“पण तुमचा आनंद तर गेला,” मी म्हटलं. ते म्हणायला नको होतं असं लगेच वाटलं.

त्यांनी सुई कापडात टोचून ठेवली. “जमिनीवर बसून जेवले, तो आनंद गेला नाही,” त्या म्हणाल्या. “तो देवाचा होता. त्या पोरीची बाहुली आईनं तिच्यासोबतच पुरली. तेही जात नाही. आता दोन्ही एकाच खोलीत राहतात. मी कोणाला बाहेर काढू?”

माझे वडील हे ऐकून म्हणाले, “तिला सांग, आता मी वाद घालायला येत नाही.” पण जायचे. पायरीवर बसायचे नुसते. दोघंही गप्प.

नव्वदीच्या सुरुवातीला अक्कांना अंथरूण धरावं लागलं. जे स्टेजवरून खोटं सांगितलं गेलं होतं ते आता खरं झालं. मूत्रपिंडाचं दुखणं निघालं. भाची भुसावळहून येऊन राहिली. माझी बायको दोन वेळचं बघायची. चर्चमधल्या काही बायका उशिरा का होईना येऊ लागल्या. एक जण खाटेशी गुडघे टेकून मोठ्याने बरं होण्याची प्रार्थना करू लागली, तर अक्कांनी तिचा हात धरला. “बरी कर म्हणू नको गं. नुसती बस माझ्याजवळ.” ती बाई बसली. तिला काय करावं सुचेना, मग ती पाय चेपू लागली, नेमका दुखरा. अक्का ओरडल्या आणि ओरडता ओरडता हसल्या. भिंतीपलीकडून मी ते हसणं कित्येक वर्षांनी ऐकलं. तेच. बायकांना न शोभणारं.

त्याच आठवड्यात त्या गेल्या.

दफन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होतं. आणि त्याच संध्याकाळी जळगावच्या मैदानावर पुन्हा चंगाई सभा होती. उपदेशक नवे होते, बाकी सगळं तेच. हे काम मी धुळ्यानंतर सोडलं होतं, लाउडस्पीकर दुसऱ्या कुणाचा होता. अक्कांची मंडळी जवळजवळ सगळी तिकडे गेली. कबरस्तानात आम्ही मोजकेच होतो. भाची आणि तिचा नवरा, माझे वडील, मी आणि बायको, ती पाय चेपणारी बाई. दोंडाईच्याला मी निरोप पाठवला होता. तिकडून कोणी आलं नाही, आणि का यावं?

पाळकांनाही सभेत प्रार्थना करायची होती. ते भराभर वाचत होते. वाऱ्याची दिशा मैदानाकडून आमच्याकडे होती, त्यामुळे त्यांचे शब्द कमी आणि कर्ण्यातले जास्त ऐकू येत होते. पेटी दोरांवरून खाली गेली. वडिलांनी वाकून मूठभर माती टाकली आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

“ऊठ!” मैदानावरून आवाज आला. “विश्वास असेल तर ऊठ आणि चाल!”

भाचीने कानांवर पदर ओढला. पाळक क्षणभर थांबले, मग त्यांनी ‘आमेन’ म्हटलं आणि पुस्तक मिटलं. मी फावडं घेतलं. तिकडे कोणीतरी उठलं असावं, कारण टाळ्या सुरू झाल्या आणि आमची माती लोटून होईपर्यंत त्या थांबल्या नाहीत.